थायरॉईडची गोळी रोज घेऊन पण टीएसएच वाढतोय, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमुळं असं होतं का?

फुलेवाडीची_वैनी
१२ जानेवारी, रात्री १०:२०

नमस्कार. वय ४३, मला थायरॉईड कमी असल्याचं निघून चार वर्षं झाली, ५० ची गोळी चालू आहे आणि आत्तापर्यंत टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडला की वाढतो तो रक्तातला आकडा, २.८, ३.१ असाच असायचा, कधी त्रास नव्हता. गेल्या पावसाळ्यात लई थकवा यायला लागला, जिना चढला की धाप, केस तर फणीत गुंता यायचा इतके, म्हणून बाईडॉक्टरांना दाखवलं तर एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ९.४ निघालं, त्यांनी लोहाची गोळी दिली, गुडघे पण दुखतात म्हणून कॅल्शियम दिलं आणि व्हिटॅमिन डी ची पुडी आठवड्यातून एकदा. नणंदेनं केसांसाठी गमी, त्या चघळायच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, आणून दिल्या त्या पण चालू केल्या, ती स्वतः घेते आणि तिला फरक पडलाय म्हणाली.

आता माझी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फर्स्ट शिफ्ट असते, कंपनीची बस पावणेसातला येते, त्याच्या आधी दोन डबे, पोरांचं आवरणं, सासूबाईंचा चहा. एखादी गोळी विसरायला नको म्हणून मी रात्रीच एका स्टीलच्या वाटीत सगळ्या काढून ठेवते, थायरॉईडची, लोहाची, कॅल्शियमची आणि एक गमी, आणि सकाळी सहाला चहाबरोबर एकदम घेऊन टाकते. एक दिवस पण चुकवलेलं नाही, खरंच सांगते.

तरी नोव्हेंबरात टीएसएच ९.६ आला. फिजिशियन म्हणाले डोस कमी पडतोय, ७५ केला. परवा परत तपासलं तर ७.९. थकवा आहे तसाच, एचबी पण ९.६ वरच, म्हणजे तीन महिने लोह खाऊन काहीच नाही. मोठी जाऊ म्हणते एवढ्या गोळ्या एकत्र खाल्ल्या की एकमेकीला मारतात. हे खरं आहे का? कॅल्शियम बंद करू का लोह बंद करू? दोन डॉक्टर वेगवेगळे आहेत आणि दुसऱ्यानं काय दिलंय ते पहिल्याला मी कधी सांगितलंच नाही, विचारलं पण नाही कुणी. कुणाला अनुभव असेल तर सांगा की.


औषधवाला_शाहूपुरी
१२ जानेवारी, रात्री ११:०५

वैनी, तुमच्या जाऊबाई बरोबर बोलल्या. बंद काहीच करू नका पण ती वाटी आजपासून बंद करा. मी बावीस वर्षं मेडिकलच्या काउंटरला उभा आहे आणि अशी वाटी दर महिन्याला कुणाची ना कुणाची ऐकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थायरॉईडची गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, तुमची ५० म्हणजे ५० मायक्रोग्राम, ग्रॅमचा वीस हजारावा भाग. एवढंसं औषध आणि ते आतड्यातनं रक्तात जायचं असतं. रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घेतलं तर साधारण ७० ते ८० टक्के जातं. त्याच वेळी पोटात कॅल्शियम नाहीतर लोह असलं की ते ह्या औषधाला चिकटतं, त्याचं न विरघळणारं काहीतरी बनतं आणि ते तसंच शौचावाटे निघून जातं. म्हणजे गोळी तुम्ही रोज गिळली पण अंगाला लागली थोडीच. आणि कॅल्शियमच्या गोळीत ५०० मिलिग्राम कॅल्शियम असतं, मिलिग्राम हं, त्याच्यापुढं ५० मायक्रोग्रामचं काय चालणार.

दुसरं, तुमचं एचबी का वाढलं नाही ते पण त्याच वाटीत आहे. चहा लोहाला अडवतो, कॅल्शियम पण लोहाला अडवतं. तुम्ही दोन्ही एकदम दिलंय. म्हणजे चहा, कॅल्शियम, लोह, थायरॉईड, सगळे एकाच दारातनं आत घुसायला बघतायत आणि कुणालाच नीट जाता येईना असं झालंय.

आता तुमच्या शिफ्टप्रमाणं कसं बसवता येईल ते सांगतो, फायनल डॉक्टरना विचारूनच करा. उठल्या उठल्या, म्हणजे पाचला उठत असाल तर पाचला, तोंड धुतलं की थायरॉईडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर. बाटली ब्रशच्या शेजारी ठेवा. चहा त्यानंतर अर्धा तास तरी नको, तास झाला तर उत्तम, म्हणजे तुमचा सहाचा चहा आहे तसा राहतो. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडपासनं चार तास लांब, हा चार तासाचा आकडा तेवढा डोक्यात पक्का ठेवा. लोह दुपारी शिफ्टवरनं घरी आल्यावर लिंबूपाण्याबरोबर घ्या, लिंबातल्या सी व्हिटॅमिननं लोह चांगलं लागतं, फक्त त्याच्या मागंपुढं तासभर चहा नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर, आपल्याकडं जास्त करून कॅल्शियम कार्बोनेट देतात आणि ते जेवणाबरोबरच पचतं. डी ची पुडी रविवारी घ्या, डी तेला-तुपात विरघळणारं आहे, रविवारी आपल्याकडं मटण असतंयच, त्या जेवणावर घेतली की झालं. डी चा थायरॉईडच्या गोळीशी थेट काही वाद नाही, पण नुसतं डी आणि कॅल्शियमवालं डी ह्यात गल्लत करू नका, पाकिटावर बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिजिशियनना फोन करून हे सगळं सांगा, उद्याच. का सांगतो, डोस ७५ केला तो गोळी अंगाला लागत नव्हती म्हणून. आता तुम्ही वेळा सुधारल्या की तीच ७५ ची गोळी पूर्ण लागायला लागेल आणि ती तुम्हाला जास्त होऊ शकते. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं, घाम, असं काही वाटलं तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. डोस जास्त होऊन तसाच वर्षानुवर्षं राहिला तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. वेळा बदलल्या की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघतात, त्याच्या आधी बघून उपयोग नाही कारण हे औषध अंगात हळूहळू साठतं आणि हळूहळूच उतरतं, आठवड्याला निम्मं.

गमीचं मात्र वेगळंच आहे. त्या डबीवर बायोटिन, म्हणजे केसांसाठी म्हणून देतात ते व्हिटॅमिन, किती लिहिलंय ते बघून सांगा.


फुलेवाडीची_वैनी
१२ जानेवारी, रात्री ११:३१

दादा, वाचून अंगावर काटाच आला, तीन महिने मी नुसतं गिळत होते म्हणायचं. उद्या बसमधनंच फोन करते. गमीच्या डबीवर बायोटिन १०,००० एमसीजी लिहिलंय.


रंकाळा_फेरी
१३ जानेवारी, सकाळी ६:५०

ताई, माझं वय ६८. मला पण थायरॉईड हाय, तेरा वर्षं झाली. मी गोळी खाऊन रंकाळ्याला फेरी मारायचो आणि येताना गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध एक पेला प्यायचो, ते आमचं पोरपणापासनंचं हाय, तालमीत असल्यापासनं. टीएसएच काय खाली येईना. डॉक्टरांनी विचारलं गोळीनंतर काय खाता, मी म्हटलं काही नाही, दूधच तर पितो. दूध म्हणजे माझ्या डोक्यात खाणं नव्हतंच हो. ते म्हणाले दुधात कॅल्शियमच की, त्यानं पण गोळी कमी लागती. आता दूध संध्याकाळच्याला पितो.

नंतर मला ॲसिडिटीची गोळी चालू झाली, ती पँटोप्राझोल असती ती, तिनं पण परत टीएसएच हलला. ॲसिड कमी झालं की थायरॉईडची गोळी नीट विरघळत नाही म्हणं. आणि ती पांढरी गुलाबी औषधं असत्यात छातीत जळजळीची, बाटलीतली, त्यात ॲल्युमिनियम मॅग्नेशियम असतंय, त्याला पण चार तास सोडायचे. इसबगोल घेत असला तर ते पण लांब ठेवा. मी आता थायरॉईडची गोळी रात्री झोपताना घेतो, जेवण साडेसातला होतं आमचं, साडेदहा अकराला गोळी, तीन तास पोट रिकामं. डॉक्टरनी सांगूनच केलं हे, आपल्या मनानं नाही. सकाळच्याला बायकांना किती गडबड असती ते मी घरात बघतो, तुम्हाला पाचला जमलं नाही तर हे विचारून बघा.


पन्हाळारोड_निसर्ग
१३ जानेवारी, सकाळी ९:१५

ताई, मी तुम्हाला मनापासून सांगते, ह्या गोळ्या जन्मभर खायच्या म्हणजे शरीराला सवय लागते. माझ्या मावसबहिणीनं गोळी बंद करून रोज सकाळी उपाशीपोटी धन्याचं पाणी, अश्वगंधा आणि समुद्री शेवाळाची कॅप्सूल सुरू केली, आयोडीन मिळतं त्यातनं. सहा महिने झाले, ती म्हणते आता बरं वाटतं. नैसर्गिक आहे, साईड इफेक्ट नाही. एकदा करून बघायला काय हरकत आहे.


लॅबमधली_मी
१३ जानेवारी, दुपारी २:४०

मी एका पॅथॉलॉजी लॅबमधे अकरा वर्षं टेक्निशियन आहे. वैनी, गमीबद्दल आधी सांगते कारण ते कुणी सांगत नाही.

आपल्याला दिवसाला बायोटिन लागतं साधारण ३० मायक्रोग्राम. तुमच्या गमीत १०,०००, म्हणजे तीनशे पटीच्या वर. ते थायरॉईडच्या गोळीला अडवत नाही, ते आमच्या मशीनला फसवतं. बऱ्याच मशीनवर टीएसएच मोजताना बायोटिन लावलेली अँटिबॉडी वापरतात आणि ती स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाच्या प्रोटीनला घट्ट चिकटते, त्या चिकटण्यावरनं आकडा निघतो. तुमच्या रक्तात आधीच बायोटिनचा पूर असला की ते जाऊन सगळ्या जागा अडवून बसतं आणि टीएसएच खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. टी३ आणि टी४, म्हणजे थायरॉईडची स्वतःची हार्मोन, त्यांची पद्धत उलटी असते, तिथं आकडा जास्त दिसतो. म्हणजे थायरॉईड कमी असलेल्या माणसाचा रिपोर्ट थायरॉईड जास्त असल्यासारखा येऊ शकतो आणि डॉक्टर डोस कमी करून टाकतात. तुमचा ७.९ आलाय तो खरा त्याहून जास्त पण असू शकेल.

अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं, नोव्हेंबर २०१७ मधे ह्याबद्दल जाहीर सावध केलं होतं, कारण हार्ट अटॅकची ट्रोपोनिन टेस्ट पण ह्यानं चुकते. सगळ्या मशीनवर होत नाही, म्हणून लॅबला सांगायचं. माझ्याकडं गेल्या वर्षी एक मुलगी आली, लग्न ठरलेलं, टीएसएच एकदम खाली आणि टी४ वर, घरचे घाबरलेले. मी सुई टोचायच्या आधी विचारायला पाहिजे होतं ते मी नंतर विचारलं, केसांसाठी काही घेता का. पर्समधनं डबी काढून दाखवली तिनं. चार दिवस बंद ठेवून परत रक्त घेतलं, दोन्ही आकडे नॉर्मल. त्या चार दिवसांत त्या घरात काय झालं असेल ते मला अजून आठवतं आणि तेव्हापासनं मी प्रत्येकाला आधी विचारते.

तपासणीच्या आधी बायोटिन निदान दोन दिवस बंद पाहिजे, तुमच्याएवढा डोस असला तर मी आणखी दोन दिवस सोडायला सांगते. मल्टिव्हिटॅमिन आणि बी कॉम्प्लेक्सच्या गोळीत पण बायोटिन असतं, मल्टिव्हिटॅमिनमधे तर लोह आणि कॅल्शियम पण असतं, ते थायरॉईडच्या गोळीबरोबर घेणारे लई जण बघितलेत. आणि टेस्टच्या दिवशी रक्त देऊन झाल्यावर थायरॉईडची गोळी घ्या, आधी नको.

तसं केस गळणं थायरॉईडनं पण होतं आणि रक्त कमी असल्यानं पण होतं. ते दोन्ही सुधारलं तर गमीची गरज पडेल असं मला वाटत नाही.


औषधवाला_शाहूपुरी
१३ जानेवारी, रात्री ९:५०

लॅबमधली ताई, फार चांगलं लिहिलंत.

पन्हाळारोडच्या ताई, तुम्ही मावसबहिणीच्या काळजीनंच लिहिलंय हे कळतंय, पण कृपा करून त्यांना ह्याच आठवड्यात टीएसएच करायला लावा. थायरॉईड कमी होतो तो बहुतेक वेळा शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं ग्रंथी खराब केल्यामुळं, त्याला हाशिमोटो म्हणतात. ग्रंथी हार्मोन बनवू शकत नाही म्हणून तेच हार्मोन बाहेरनं द्यायचं, ही सवय लागण्याची गोष्ट नाही. गोळी सोडली तर पहिले काही आठवडे काही कळत नाही, मागं साठलेलं असतं ना, नंतर हळूहळू कोलेस्टेरॉल चढतं, अंगावर सूज येते, हृदयावर ताण येतो. बरं वाटतंय ह्यावर जाऊ नका.

धन्याचं पाणी प्यायला कुणाची ना नाही, फक्त गोळीबरोबर नको आणि गोळीच्या ऐवजी तर नकोच. अश्वगंधा थायरॉईडचं हार्मोन वाढवू शकतं, गोळीवर अश्वगंधा म्हणजे डोस किती झाला हे कुणालाच कळत नाही, आणि यकृताला त्रास झाल्याच्या पण नोंदी आहेत. शेवाळाच्या कॅप्सूलची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्राम आयोडीन लागतं. आपल्या आयोडीनच्या मिठात एका ग्रॅमला निदान १५ मायक्रोग्राम असतं, आणि आपण कोल्हापूरची माणसं मीठ-चटणी कमी खातो असं नाही. वरनं शेवाळाच्या एका कॅप्सूलमधे कधी कधी दिवसाच्या कितीतरी पट आयोडीन असतं. हाशिमोटोवाल्यांना जास्तीच्या आयोडीननं ग्रंथी आणखी बिघडू शकते. सेलेनियमचं पण तसंच, दिवसाला ४०० मायक्रोग्रामच्या वर सतत गेलं की केस गळू शकतात आणि नखं तुटू शकतात, म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच होतं.

सोयाबीन, कोबी ह्याला घाबरू नका. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्लेलं चालतं. सोयाचं पीठ नाहीतर प्रोटीन पावडर घेत असाल तर गोळीपासनं लांब घ्या आणि रोज साधारण तेवढंच घ्या.


माहेर_गडहिंग्लज
१४ जानेवारी, दुपारी १२:१०

मधेच विचारते, माफ करा. मला तिसरा महिना आहे, थायरॉईडची २५ ची गोळी आधीपासनं चालू आहे. आता आशाताईंनी सांगितलंय की लोहाच्या लाल गोळ्या सुरू होतील आणि चौथ्या महिन्यापासनं कॅल्शियम दिवसातनं दोनदा. हे सगळं चार चार तास कसं बसवायचं? आणि उलट्या पण होतात सकाळी.


औषधवाला_शाहूपुरी
१४ जानेवारी, दुपारी १:००

ताई, तुमचा प्रश्न वैनींच्यापेक्षा घाईचा आहे म्हणून दुकानातनंच लिहितो. तुम्ही गरोदर आहात हे थायरॉईडच्या डॉक्टरना कळवलंय का? नसेल तर आजच कळवा. पोटात बाळ असलं की ह्या हार्मोनची गरज पहिल्या महिन्यांतच वाढते, बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो, आणि बाळाची स्वतःची ग्रंथी काम करायला लागेपर्यंत ते आईच्याच हार्मोनवर असतं. पहिले वीस आठवडे टीएसएच दर चार आठवड्यांनी बघतात. लोह-कॅल्शियम सोडायचं नाही, तुम्हाला आणि बाळाला ते लागतंच. थायरॉईड पहाटे, एक कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, दुसरं रात्रीच्या, लोह मधल्या वेळेत चारच्या सुमाराला, असं बसतं. गोळी घेतल्या घेतल्या उलटी झाली तर परत घ्यायची का ते डॉक्टरना विचारून ठेवा, आणि पहाटे जमतच नसेल तर रात्रीच्या वेळेबद्दल पण बोला.


माहेर_गडहिंग्लज
१४ जानेवारी, दुपारी १:२२

नाही सांगितलेलं. आत्ता फोन लावते. धन्यवाद दादा.


फुलेवाडीची_वैनी
१६ मार्च, रात्री ९:४०

दोन महिन्यांनी लिहिते, उशीर झाला. त्या दिवशी फोन केला तर फिजिशियननी सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन बोलावलं, पिशवीच नेली मी, गमीच्या डबीसकट. त्यांनी एकेक टेबलावर मांडून बघितलं आणि म्हणाले ५० लाच परत या, वेळा पाळा, गमी बंद, सात आठवड्यांनी रक्त. परवा केलं. टीएसएच ३.२, एचबी ११.३. जिना चढताना आता थांबावं लागत नाही. केस अजून गळतात पण फणीत गुंता येत नाही.

पहिला आठवडा पाचची गोळी दोनदा विसरले, मग बाटली ब्रशच्या ग्लासाशेजारी ठेवली तशी जमलं. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली की पोटात जरा ढवळतं, बाईडॉक्टर म्हणाल्या दोन घास खाऊन घ्या. नणंदेला पण लॅबवाल्या ताईंचं सगळं वाचून दाखवलं, तिची पुढच्या महिन्यात फुल बॉडी टेस्ट आहे, ती आधी बंद करणार आहे.

दादा, एकच विचारायचं होतं. एप्रिलपासनं मला पंधरा दिवस नाईट लागणार आहे, सकाळी साडेसातला घरी येणार आणि झोपणार. तेव्हा पाचची गोळी काय करू? पाचला कंपनीत चहाची सुट्टी असते.


औषधवाला_शाहूपुरी
१६ मार्च, रात्री १०:१५

वैनी, रिपोर्ट बघून बरं वाटलं. नाईटला घड्याळाकडं बघू नका, पोटाकडं बघा. पाचच्या चहाबरोबर बिस्कीट खात असाल तर साडेसातला पोट पूर्ण रिकामं नसतं. पाचच्या चहाच्या तासभर आधी, चारला, पाण्याबरोबर घेता येत असेल तर ते सगळ्यात सोपं, फक्त कंपनीतला डबा एक वाजेपर्यंत संपवा. गोळ्या लागतील तेवढ्या आदल्या दिवशी काढून कागदात बांधून नेऊ नका, दमट आणि गरम हवेनं खराब होतात, बाटलीच पिशवीत ठेवा आणि उन्हात राहणार नाही असं बघा. पंधरा दिवस रोज तीच वेळ ठेवा. लोह उठल्यावर दुपारी, कॅल्शियम कामाला निघायच्या आधीच्या जेवणाबरोबर. आणि नाईट सुरू व्हायच्या आधी हे फिजिशियनच्या कानावर घाला.